विरजणाची फांदी

"सगळं संपवलंस? विरजणापुरतंही ठेवलं नाहीस?" केतकीने रिकामं भांडं नवऱ्यापुढे, निरंजनपुढे धरलं. चंद्रावरच्या या वसाहतीत आईच्या घरचं म्हणावं असं तेवढं एक दहीच होतं, आणि त्याच्याशिवाय धाकटी लेक रेवा भाताला तोंड लावायची नाही.

निरंजनने भांड्यावरची खूण संगणकाच्या पडद्याला दाखवली. वसाहतीतल्या सगळ्या विरजणांचा वंशवृक्ष त्यात होता. पूर्वी कुणी कुणाकडून नेलं ते एकेक घर मागे जात शोधावं लागे. आता प्रत्येक खुणेतच मुळापासूनची अख्खी वाट लिहिलेली असे, त्यामुळे सर्वांत जवळची जिवंत फांदी क्षणात सापडली. समोरच्याच सामंतकाकू!

"अगं, माझं विरजण तर रझियाकडचं," काकू दारातच म्हणाल्या.

"आणि रझियाला मी दिलेलं, काकू."

"म्हणजे इतके दिवस तुझ्या आईचंच दही खातेय होय मी! आणि हा खादाड बाहेर का उभा? ये रे आत."

काकूंनी दिलेलं दही घेऊन घरी येताच केतकीने दहीभात कालवला आणि श्वास रोखून घास पुढे केला. रेवाने आधी हुंगलं, मग तोंड उघडलं, आणि मग वाटीच ओढून घेतली.