उभं पीक

हार्वेस्टर बांधाशी आलं आणि थांबलं, कारण पुढं भिमाबाई आडवी उभी होती. पदर खोचलेला, हातात विळा. तिच्या मागं सोयाबीन वाळून कोळ झालं होतं. आणखी दोन-चार दिवस ऊन लागलं तर शेंगा रानातच तडकणार, हे तिलाही कळत होतं. तरी ती हलत नव्हती.

मशीन फुकट आलं होतं, हीच तर गोम होती. ते आणलं होतं तिच्या पुतण्यानं, संघपालनं. गायरान वाचवायच्या मोर्च्याचा तोच पुढारी. सरकार हे गायरान सौर प्रकल्पाला द्यायला निघालं होतं. परवा मुंबईहून आमदारांची समिती येणार होती. सकाळी धाराशिवच्या विश्रामगृहात सुनावणी, दुपारी इथं येऊन पाहणी. ज्याच्या रानात पिकाची खूण दिसेल त्याचाच ताबा मानायचा, एवढी एकच फट नव्या धोरणात उरली होती.

संघपालचं म्हणणं सरळ होतं. मोठी माणसं येणार, रान साफसूफ दिसावं, त्यांची गाडी आतपर्यंत यावी. शिवाय परवा सगळे मोर्च्याला धाराशिवला जाणार, मागं पीक राखायला कोण बसणार? सगळं पटण्यासारखं होतं. भिमाबाईच्या मनात पाल चुकचुकली ती त्यामुळंच. आजवर या गायरानावर लोक आले ते हुसकावायला. पीक कापून राशी करून द्यायला कोणी आलं नव्हतं.

शेजारचा चाँदपाशा मात्र खुशीत होता. त्याच्या तुकड्याची सकाळीच कापणी झाली होती. ताडपत्रीवरच्या ढिगाजवळ बसून तो बोटांनी काडीकचरा निवडत होता. भाबी, कशाला हुज्जत घालता, घंटाभरात मोकळ्या व्हाल, असं त्यानं तिला दोनदा सांगून पाहिलं.

"पाशाभाई," भिमाबाई म्हणाली, "परवा सायबांना काय दावाल?"

त्यानं हसून ढिगाकडं हात केला.

"ढीग तर बाजारात बी असतो."

चाँदपाशाचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यानं आपल्या रिकाम्या रानाकडं पाहिलं. मग स्वतःचीच समजूत काढल्यासारखा म्हणाला, की धसकटं तर आहेत, धसकटं पाहून कोणीही सांगेल इथं पीक होतं.

मशीनवर बसलेला वीरप्पा सीमेपलीकडचा, कर्नाटकातला. त्याला या भानगडीशी काही घेणं नव्हतं. काम उरकायचं होतं. तो वरूनच म्हणाला की धसकटांची काळजी नको, मागून रोटावेटर येतोय, धसकटं मातीत गाडून दिवस मावळायच्या आत रान काळंभोर करायला सांगितलंय.

चाँदपाशा उठून उभा राहिला.

संघपाल लांब उभा राहून फोनवर बोलत होता. भिमाबाईनं त्याला हाक मारून विचारलं, रोटावेटर कशाला? फोन कानावरून न काढताच त्यानं सांगितलं, की हरभऱ्यासाठी रान तयार करायला नको का? हेही बरोबरच होतं. या पोराकडं हल्ली कशाचंही उत्तर तयार असायचं. याच पोराला तिनं पेरणीच्या दिवशी या बांधावर भाकरी वाढली होती, आणि आज त्याच्यावर डोळे रोखावे लागत होते, याचं तिला फार वाईट वाटलं.

पेरणीचा तो रिवाज गायरानावरचाच. इथं कोणी एकट्यानं पेरत नाही. एकटा दिसला की कोणीतरी अडवायला येतं, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं, एकाच तिफणीनं पेरायचं, एकाच पोत्यातलं बी वापरायचं. संघपालच्या बापानंच हा रिवाज घालून दिला होता.

भिमाबाईनं विळा कमरेला खोचला आणि बाजूला सरली. "बरं. काढा. पन पुढाऱ्याच्या रानापासून सुरू करा." तिनं लिंबाच्या झाडापलीकडं हात दाखवला.

वीरप्पानं उलट मशीन बंद केलं. "ते सोडायचं हाय, अक्का. झाडापलीकडचं तसंच उभं ठेवा म्हनले."

"कोन म्हनलं?"

वीरप्पानं संघपालकडं पाहिलं. आपण काहीतरी बोलू नये ते बोललो, एवढं त्याच्या ध्यानात आलं. तो खाली उतरला आणि चाकांत अडकलेला काडीकचरा काढू लागला.

"काकू, माझं हिरवं हाय अजून," संघपाल म्हणाला. "म्हनून ठेवलंय. तुमी उगं संशय घेऊ नका."

भिमाबाई आपल्या रानात शिरली आणि मशीनसमोरच्या पहिल्या ओळीत मांडी घालून बसली. सोयाबीन तिच्या खांद्याला लागत होतं.

चाँदपाशा चालू लागला. स्वतःचं उघडं रान ओलांडून, धसकटं तुडवत तो लिंबापलीकडं गेला. वाकला, सोयाबीनचं एक झाड मुळासकट उपटलं आणि तसाच परत आला. त्याचा चेहरा पडला होता.

संघपाल पुन्हा फोन कानाला लावून उभा होता. चाँदपाशा त्याच्या अगदी जवळ गेला, ते झाड त्याच्या दुसऱ्या कानाशी नेलं आणि हलवलं.

वाळलेल्या शेंगा खुळखुळल्या.