सरळ ओळ

वस्तादांच्या हाताखालून सुटून वीस वर्षं झाली, तरी कबरीच्या दगडावर नाव कोरताना त्याच्या डोक्यात त्यांचाच आवाज घुमायचा, "गाढवा, उभ्या जन्मात तुझी ओळ सरळ यायची नाही!" तो दातओठ खात ओळ सरळ ठेवायचा, आवाज काही हटायचा नाही. शेवटी तो एका समुपदेशक बाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "त्या आवाजाशी भांडू नका. नुसतं 'बरं' म्हणा आणि सोडून द्या."

पुढच्याच आठवड्यात वस्ताद वारले. काकू डोळे पुसत दुकानात आल्या, "ह्यांच्या दगडावर नाव तूच कोर, बाबा. तुझ्याइतका सरळ हात कुणाचा नाही."

त्यानं छिन्नी टेकवली, तसा तो आवाज आलाच. पहिल्यांदाच हसून तो म्हणाला, "बरं, वस्ताद."



अख्ख्या कबरस्तानात आता एकच नाव तिरकं आहे.