पिवळा बिल्ला

सायराकानने कोटाच्या आतून पिल्लू काढून टेबलावर ठेवलं. दोन महिन्यांची मादी, पांढरी, एका डोळ्याभोवती काळा डाग. बाहेर बालिक्ची गावचा वारा खिडक्या खडखडवत होता. नुरजात डॉक्टरने पिल्लाचे दात पाहिले, पोट चाचपलं आणि पहिली लस टोचली. पिल्लू कुईं करून तिचंच बोट चाटायला लागलं.

"तीन आठवड्यांनी दुसरी. डिसेंबरात रेबीजची. आणि सहा महिन्यांची झाली की, म्हणजे फेब्रुवारीत, ऑपरेशन. मग पिल्लांची कटकट नाही."

"आणि कानाला बिल्ला?"

"तो ऑपरेशननंतर."

"बिल्ला आज लाव. बाकी तू म्हणशील तेव्हा घेऊन येते. एक तारीख चुकवणार नाही."

नुरजातने मान हलवली. "सायराकान एजे, ऑपरेशन झाल्याची खूण आहे ती. खोटा बिल्ला लावला तर माझा दवाखाना बंद करतील."

"मग ऑपरेशन आज कर."

"एवढ्याशा जिवाला भूल द्यायची सोय नाही माझ्याकडे. टेबलावरच जाईल."

"नगरपालिकेचे बंदूकवाले फेब्रुवारीपर्यंत थांबणारेत का? दर पंधरवड्याला येतात. कानात पिवळं दिसलं नाही की गोळी. गळ्यातला पट्टा कोण बघतो?"

"बाहेर सोडूच नका. फाटकाला कुलूप घाला."

"घातलं होतं. सासऱ्यांनी त्याच्यावर डोकं आपटून घेतलं, म्हणून काढलं. त्यांना काही उमजत नाही आता. मी दुपारपर्यंत शाळेच्या स्वयंपाकघरात. घरी पोचते तर फाटक सताड उघडं." सायराकानने पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. "शेजारीण म्हणाली, मागची गोळीने गेली, आता दुसरं कुत्रं आणू नकोस बाई. पण सासरे जेवेचनात गं. काल हिला मांडीवर दिलं, तेव्हा कुठे वाटीभर शोर्पोचं सूप प्यायले."

नुरजातने लसीचं कार्ड पुढे ओढलं आणि सगळ्या तारखा सावकाश, ठळक अक्षरांत लिहिल्या. फेब्रुवारीचीसुद्धा. मग वरच्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, "नाव?"

"कोरं ठेव." सायराकानने पिल्लू पुन्हा कोटात घेतलं आणि गुंड्या लावल्या. "मागचीला नाव होतं. सासरे अजून रोज फाटक उघडून तिलाच हाका मारतात."