वेल्डरचा आठवडा

पेट्रोल पुन्हा महागलं, तेव्हा शेजारी राहणाऱ्या फिटरने आणि वेल्डरने कारखान्याला जायला एकच मोटरसायकल काढायचं ठरवलं. एक आठवडा याची, एक आठवडा त्याची. ज्याची गाडी त्याने चालवायची, दुसऱ्याने मुकाट्याने मागे बसायचं. मुकाट्याने आपलं म्हणायला, कारण फिटर मागे बसून वाटभर "अरे गिअर बदल, किती पिते बघ" असं सुरूच ठेवायचा. वेल्डर म्हणायचा, "फुकट बसायचं आणि वर अक्कल पाजळायची."

सहा वर्षांत वेल्डरने आपला आठवडा एकदाही चुकवला नाही. स्वतःची गाडी गॅरेजात असली, तर मेहुण्याची मागून आणायचा.

त्या सोमवारी फिटर डबा घेऊन बाहेर आला, तर दारात वेल्डरची गाडी स्वच्छ पुसून उभी होती. शेजारी वेल्डरची बायको. तिने किल्ली पुढे केली.

"टाकी भरून आणलीय, भाऊजी. हा आठवडा आमचा."

"वहिनी, अहो, आता कसला आठवडा."

"हे गेल्याला तीन आठवडे झाले. तिन्ही आठवडे तुम्ही तुमचीच गाडी काढलीत," ती म्हणाली. "ह्यांना चाललं नसतं ते."

फिटरने किल्ली घेतली, डबा हँडलला अडकवला.

आणि नेहमीसारखा मागच्या सीटवर जाऊन बसला.