उचललेला पाय

जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण तिसऱ्या वर्षाला सोडून मी लाकडाचे नंदी कोरायला लागलो. लोक म्हणतात, याच्या बैलांची हाडं हाताला लागतात. लागणारच, कॉलेजात हाडंच तर पाठ केली. यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, आंधळगावात बक्षीस मिळालेला माझा नंदी बाबांनी पहिल्यांदाच हातात घेतला. त्याचा पुढचा डावा पाय उचललेला होता. "असा तं आपला चांद्या उभा राहे," ते म्हणाले. चांद्या, आमचा बैल, लंगडू लागला तेव्हा मी कॉलेजच्या सुट्टीत घरी होतो. त्याचा पाय उचलून न पाहताच मी बाबांना सांगितलं, "मुका मार आहे, होईन बरा." आठवड्यात तो धनुर्वातानं गेला. पुरण्याआधी मी एकट्यानं त्याचा खूर पाहिला आणि गप्प राहिलो. बाबांचा अंगठा नंदीच्या उचललेल्या खुराखाली गेला. तिथं मी बारीक खिळा ठोकला होता. "खिळा होता?" त्यांनी विचारलं. "अन् तुले मालूम होतं?"