भिंतीवरचं गाव

गोवर्धननं गोणपाटाचा पडदा ओढला आणि देवळात जमलेली माणसं भिंतीकडे सरकली.

मानमोडीच्या तापातून जे वाचले, त्यांनी मारुतीच्या देवळाची भिंत रंगवून घ्यायचं ठरवलं होतं. गोवर्धन गावचाच; अकोल्यात नाटकाचे पडदे रंगवायचा. त्याला रामाचा राज्याभिषेक काढायला सांगितलं होतं. भिंतीवर मात्र त्यांचंच गाव होतं. जात्यातून ज्वारी उगवून कणसावर आली होती. विहिरीतून पळस वर आला होता आणि त्याच्या फांद्यांना पानांच्या जागी पाणी लटकत होतं. चावडीत मोर बसले होते. पुढेच उभ्या असलेल्या खुशालरावांच्या घराचं छप्पर फोडून कडुनिंब आभाळात गेला होता. खाली बाजेवर उभी राहून हरिणी पाडसाला पाजत होती. माणूस एकही नव्हता.

तशाच बाजेवर खुशालरावांची बायको जयवंता तापानं गेली होती. तिच्यामागून तान्ही लेक.

"मानसं कुठी हायेत?" खुशालरावांनी विचारलं.

"काढून पाह्यले, भाऊ," गोवर्धन म्हणाला. "दरबार भरवाले बसलो, तं भिंतीवर चेहरे उतरले ते गेलेल्याइचेच. वहिनीचा बी आला. मंग समदे पुसले."

खुशालरावांनी भिंतीवरच्या बाजेकडे पाहिलं. मग ओरडले, "तं हे बी पूस! आमी जित्ते हाओत अजून. चुना आना रे कोनी!"

चुना आला. खुशालरावांनी कुंचा बुडवला आणि आधी स्वतःच्याच घरापाशी गेले.

तेवढ्यात त्यांची आई मैनाबाई गर्दीतून पुढे आली. तापाची साथ गेल्यापासून म्हातारी कोणाशी धड बोलली नव्हती. भिंतीजवळ तोंड नेऊन तिनं सगळं नीट पाहिलं. पाडसावर बोट ठेवलं.

"पोट भरलं का रे याचं?"

गोवर्धन गोंधळला. "नाई, मामी. आताच तं तोंड लावलं त्यानं."

"माय, सरक," खुशालराव म्हणाले. चुना त्यांच्या मनगटावरून ओघळत होता.

ती सरकली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"एक लेकरू या घरातून उपाशी गेलं, बाबू," ती म्हणाली. "हे पेऊ दे."