रणगाड्यावरचा चिखल

अर्पितानं स्पंजचा तुकडा गंजाच्या रंगात बुडवला आणि छोट्या रणगाड्याच्या तोफेवर दाबला. हिरव्या नळीवर तांबूस डाग उमटले.

खिडकीपाशी बसलेल्या शंकरसिंगांनी झटकन मान वळवली.

"याडी, पाय ना!" अर्पितानं आईला हाक मारली. "कसा जुना दिसून राह्यला."

"मले काय दाखवून राह्यली?" तिची आई पुष्पाबाई ज्वारी निवडत होत्या. "बापाची जीभ अडकून पडली अन् तुले खेळण्याचं पडलं!"

शंकरसिंग फौजेत असाच रणगाडा चालवत. निवृत्तीनंतर दारव्ह्याजवळच्या तांड्यात परतले आणि दिवाळीत लकवा झाला. हातपाय सावरले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. लवकर बोलले नाहीत तर पुढे कठीण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते मात्र प्रयत्नच करत नव्हते. मान हलवत, बोट दाखवत. घरातले समजून घेत.

दारात जीप थांबली. चुलतभाऊ बबलू सवाऱ्या घेऊन यवतमाळला निघाला होता. प्रदर्शनात ठेवायचा रणगाडा त्याच्याच सोबत जायचा होता.

"झालं का वं बाई? सवाऱ्या बोंबलून राह्यल्या."

"थांब रे, चिखल राह्यला."

तिनं आधी धुराचा काळा पट्टा ओढला. उजव्या बाजूला. शंकरसिंगांची मूठ खुर्चीच्या दांडीवर आपटली. या रणगाड्याचा धूर डावीकडून निघतो, हे त्यांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. त्यांनी बोट दाखवलं. तिनं वर पाहिलंच नाही.

"अवं, त्याइचं तोंड पाय, लाल झालं!" पुष्पाबाई ओरडल्या. "ठेव ते."

"आता नाही थांबत मी."

डिंकाच्या पाण्यात कालवलेली काळी माती तिनं ब्रशवर घेतली. चाकांवर लावली, साखळीच्या पट्ट्यांवर लावली, मग पुढच्या पत्र्यावर फासली.

बबलू डोकावला. "रणगाडा हाय का डबक्यातून उठलेली म्हैस?"

शंकरसिंग खुर्चीची दांडी धरून उभे राहिले होते.

ब्रश चालकाच्या जागेवरच्या झाकणाकडे सरकला. झाकणासमोर तांदळाच्या दाण्याएवढी काच होती. आत बसलेल्या चालकाला बाहेरचं जग दिसतं ते तिच्यातूनच. अर्पिताचा हात क्षणभर अडखळला. मग तिनं काचेवर चिखल थापला.

"का... का..."

पुष्पाबाईंचा हात सुपातच राहिला.

"काच! काच पूस, पोट्टे! मले दिसन कसं?"

ब्रश अर्पिताच्या हातातून गळून पडला.

पुष्पाबाईंनी पदरानं डोळे पुसले, दिवाणाखालून एक खोका ओढला आणि बबलूच्या हातात दिला.

"हा घे प्रदर्शनाचा रणगाडा. जपून ने. आठवडा झाला, तयारच हाय."